खोली क्रमांक पंधराचे प्रभारी

शाळेत जबाबदारी वाटायची एक जुनी रीत आहे. सभेला जो गैरहजर, ती त्याच्या गळ्यात. त्या सोमवारी मी दाढ काढायला गेलो होतो. मंगळवारी सुजलेला गाल सांभाळत शिक्षक-खोलीत शिरलो, तर सगळे माझ्याकडे फार मायेने बघत होते. शिपायाने न मागता पाणी आणून दिलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"अभिनंदन!" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "मूलभूत क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम व मूल्यमापन पुनर्रचना समितीचे तुम्ही अध्यक्ष."

"हमितीत आनखी कोन?" मी विचारलं. दाढेमुळे एवढंच जमलं.

"सध्या अध्यक्षच," बाई म्हणाल्या आणि एक जाडजूड परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं.

मी भूगोल शिकवतो, सातवीला. परिपत्रकाचा मथितार्थ असा होता, की मुलाला काय पाठ आहे ते आता बघायचं नाही, त्याला काय करता येतं ते बघायचं. निरीक्षण करता येतं का, मोजता येतं का, चार जणांत मिळून काम करता येतं का, प्रश्न विचारता येतो का. खरं सांगतो, मला ते पटलं. परिपत्रक पटणं ही शिक्षकाच्या आयुष्यातली धोक्याची घंटा असते, पण माझं लक्ष गालाकडे होतं.

दीड महिना खपून मी त्रेसष्ट पानांचा आराखडा लिहिला. त्यात नऊ क्षमता होत्या आणि प्रत्येकीच्या चार पातळ्या. पातळ्यांना 'उत्तम, मध्यम' अशी नावं देऊ नयेत, मुलांची मनं दुखावतात, असं परिपत्रकात होतं. म्हणून मी अंकुर, रोप, बहर आणि वृक्ष अशी नावं ठेवली. मला ती काव्यमय वाटली होती. पहिल्याच पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कोणी अंकुर निघालेलं नाही." त्यांच्या मुलाला अजून काहीच मिळालेलं नव्हतं.

आता या क्षमता तपासायच्या कशा? आमच्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहतात. सगळी हयात त्यांनी जमीन मोजायच्या खात्यात काढली, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणतात. निवृत्त झाल्यापासून जमीन मोजण्याऐवजी ते लोकांना सल्ले देतात. जिन्यात अडवून ते म्हणाले, "सर, माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात टेप द्या. आळशी माणूस ढिली धरतो, घाबरट जास्त ताणतो, आणि लबाड माणूस न मोजताच आकडा सांगतो. तुमच्या नऊच्या नऊ क्षमता एका टेपमध्ये बसतात."

सल्ला चांगला होता, आणि तिथेच सगळं बिघडलं.

मी सातवीला काम दिलं: 'आपली शाळा मोजा आणि तिचा नकाशा काढा.' छत्तीस मुलांचे चार-चारांचे नऊ गट केले. एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून नऊ गटांना नऊ वेगवेगळ्या तासांना सोडलं. उत्तरसूची माझ्याकडे तयार होती. बाईंच्या कार्यालयात शाळेचा जुना नकाशा चौकटीत टांगलेला आहे, त्यावरून मी ती उतरवून घेतली होती. तळमजल्यावर आठ खोल्या, वर सहा. एकूण चौदा.

नऊच्या नऊ गटांनी पंधरा लिहिल्या.

तळमजल्यावर आठ, वर सात. वरच्या व्हरांड्यात ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये प्रत्येक नकाशात एक दार काढलेलं होतं.

कॉपी मला लांबून कळते. कॉपी करणारी मुलं दुसऱ्याच्या चुकासुद्धा प्रामाणिकपणे उतरवून घेतात. इथे तसं नव्हतं. व्हरांड्याची लांबी एका गटाची अठ्ठावीस मीटर आली होती, दुसऱ्याची एकतीस. एका गटाने टेप अडकली म्हणून जिना पावलांनी मोजला होता. एका गटाने संकोचामुळे मुतारी वगळली होती. प्रत्येकाच्या चुका ज्याच्या त्याच्या होत्या. पण त्या दाराची रुंदी नऊही नकाशांत एकाहत्तर सेंटिमीटर होती. एका गटाने बाजूला बारीक अक्षरात टीप दिली होती: 'बाहेरून कडी नाही.' दुसऱ्याची टीप होती: 'उंबरा झिजलेला.'

मी वर जाऊन खात्री करून घेतली. तिथे भिंत होती. पिवळा रंग, कमरेएवढ्या उंचीवर मळलेला पट्टा, एक रिकामा खिळा. मी खाली आलो आणि लाल शाईने छत्तीस वेळा लिहिलं, 'निरीक्षण: अंकुर.'

मधल्या सुट्टीत मी मुंगीला थांबवून घेतलं. मुंगी हे तिचं वर्गातलं नाव. ती नेहमी भिंतीच्या कडेकडेने चालते आणि वर्षाकाठी चारेक वाक्यं बोलते. खोटं बोलण्याइतकं ती बोलतच नाही, म्हणून तिला निवडलं.

"चल, दाखव मला तुमचं दार."

तिने वर येऊन बोट दाखवलं.

"ही भिंत आहे," मी म्हणालो.

मुंगीने आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या आजोबांकडे नातवंडं बघतात तशी तिची नजर होती.

"आत्ता लोटलंय, सर," ती कुजबुजली. "हळू बोला ना. आत मुलं बसलीयत."

मी मोठ्याने हसलो. त्या व्हरांड्यात आवाज घुमतो. तिथे शिंकलं तरी खालच्या मजल्यावरून कोणीतरी 'सावकाश' म्हणतं. त्या दिवशी माझं हसू त्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलंच नाही. मी उगाचच पुन्हा खाकरून बघितलं. खाकरणंही परत आलं नाही. मुंगीने माझी बाही हलकेच ओढली आणि मला जिन्याकडे नेलं, आणि मी, चोवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, निमूटपणे गेलो.

शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "मला यात पाडू नका, सर. माझ्याकडे चौदाच किल्ल्या आहेत."

"तेच तर म्हणतोय मी!"

"पण कचरा पंधरा खोल्यांचा निघतो."

"म्हणजे?"

"खोलीमागे एक सुपडी. वर खोल्या सहा, सुपड्या सात. पेन्सिलीची सालं, खडूची भुकटी. त्या भिंतीच्या बुडाशी रोज सकाळी साठलेलं असतं. माझ्या आधीच्या शिपायाने चार्ज देताना सांगितलं होतं, तिथलं तेवढं झाडत जा आणि डोकं चालवू नको."

"इतकी वर्षं तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"झाडणाऱ्याला कोण विचारतं, सर? तुम्ही पहिले."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे घरातल्या कुठल्याही प्रश्नाकडे ती बाटलीतल्या नमुन्यासारखी बघते.

"नमुना खराब होता का?" तिने विचारलं.

"नाही."

"वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी घेतला?"

"हो, पण..."

"मग निकाल आवडला नाही म्हणून पेशंटला नापास नाही करता येत, अहो. पुन्हा तपासा."

पुन्हा तपासलं. पाचवीच्या मुलांना तेच काम दिलं. पंधरा. आठवीला दिलं. पंधरा. दहावीला दिलं, आणि दहावीची मोजणी चौदा आली! माझा ऊर भरून आला. शेवटी अनुभव तो अनुभव, असं मी शिक्षक-खोलीत दोनदा बोलूनही दाखवलं. मग कळलं की दहावीची मुलं वरच्या मजल्यावर गेलीच नव्हती. त्यांनी बाईंच्या कार्यालयातला चौकटीतला नकाशा उतरवून घेतला होता. म्हणजे मी केलं होतं तेच.

शेवटी मी मोजणीसाहेबांना शरण गेलो. शाळेला सुट्टी असलेल्या एका दिवशी, भर दुपारी, ते आपली पोलादी टेप घेऊन आले. शिपायाने फाटक उघडलं. साहेबांना लांबचं फारसं दिसत नाही, पण ते म्हणाले, "डोळ्यांचं काम नाही. टेप खरं सांगते." त्यांनी आधी व्हरांडा मोजला. मग आतून ग्रंथालय, आतून प्रयोगशाळा, भिंतींची जाडी. मी प्रयोगशाळेतल्या टेबलावर वही ठेवून बसलो होतो. ते बाहेरून आकडे पुकारत होते आणि मी लिहून घेत होतो. बेरीज केली. आतली मापं आणि बाहेरचं माप यांच्यात दोन सेंटिमीटरचाही फरक नव्हता.

"मध्ये खोली असूच शकत नाही," साहेब म्हणाले. "दडवलेलीसुद्धा नाही. जागाच नाही, सर."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आम्ही जिना उतरत होतो. साहेब टेप गुंडाळत खुशीत म्हणाले, "पण सर, तुमचं कौतुक वाटलं. व्हरांडा मोजताना पलीकडचं टोक काय छान धरलं होतंत! ढिलं नाही, जास्त ताणलेलं नाही. नोकरीत मला असा एक माणूस मिळाला नाही."

"मी? मी आत आकडे लिहीत होतो."

"मग शिपायाने धरलं असेल."

शिपाई खाली अंगणात होता. आमच्यासाठी चहा करायला बसला होता, आणि त्याचं आधण आत्ताशी उकळायला लागलं होतं.

साहेब पायरीवरच थांबले. त्यांनी टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं. मीही वाकून बघितलं. पोलादावर खडूचे पांढरे ठसे होते. बोटांचे. चार, बारीक, एकाशेजारी एक. आणि मागच्या बाजूला अंगठा.

साहेब चहा न पिता गेले. त्यानंतर जिन्यात भेटले की ते मान हलवून पुढे जात. त्यांनी मला पुन्हा कधीही सल्ला दिला नाही. सल्ला न देणारे मोजणीसाहेब, या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती याची.

इकडे कागदपत्रं आपल्या गतीने चालली होती. छत्तीसपैकी छत्तीस मुलं निरीक्षणात अंकुर, हा निकाल बाईंनी वर पाठवून दिला होता. पालक खवळले. वरून खुलासा मागवला गेला. बाईंनी मला बोलावलं आणि माझ्याच आराखड्याचं एक्केचाळिसावं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"वाचा. कलम सतरा."

मी वाचलं. 'एखाद्या निरीक्षणाबाबत नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांचे एकमत असून ते उत्तरसूचीशी जुळत नसल्यास, फेरपडताळणी पूर्ण होईपर्यंत संबंधित शिक्षकाची निरीक्षण-पातळी अंकुर समजण्यात यावी.'

असली कलमं माणूस भलत्या नम्रतेच्या भरात लिहितो, ती आपल्याला कधी लागू व्हायची नाहीत या खात्रीने.

"म्हणजे मी..."

"अंकुर," बाई म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे. कागद तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ओल्या कापसात मोड आलेला एक वाटाणा ठेवलेला होता. मला चित्रकलेच्या सरांचा संशय होता. मी वाटाण्याला पाणी घातलं. त्याचा काय दोष?

मग अधिकारीबाई आल्या. गळ्यात दोन चष्मे, काखेत फाइल, एकतीस वर्षांची सेवा. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "शाळेच्या नोंदीत खोल्या चौदा. मूल्यमापनाच्या नोंदीत पंधरा. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. मला एक विद्यार्थी बोलवून द्या."

मुंगीला बोलावलं. ती दारातून भिंतीच्या कडेने येऊन टेबलाशी उभी राहिली.

"किती खोल्या आहेत गं शाळेत?"

"पंधरा."

"पंधरावीत काय आहे? अडगळ?"

"वर्ग आहे."

"कोणती इयत्ता?"

"विचारलं नाही. आमच्याएवढीच आहेत. गप्प बसलेली असतात."

"कोण शिकवतं त्यांना?"

मुंगीने खाली बघितलं. "त्यांना सर नाहीत."

"रजेवर आहेत?"

"माहीत नाही. सर येतील म्हणून ती थांबलीयत."

"कधीपासून?"

"फळ्यावर तारीख होती," मुंगी म्हणाली. "पण ती रोज सकाळी पुसून पुन्हा तीच लिहितात, त्यामुळे आता नीट वाचता येत नाही."

बाईंच्या कार्यालयातला पंखा कुरकुरत होता तो तेवढ्यात थांबल्यासारखा वाटला. मी वर बघितलं. पंखा फिरत होता, फक्त आवाज येत नव्हता. अधिकारीबाईंनी एक चष्मा काढला आणि दुसरा लावला. आता त्या मुलीला बाहेर काढतील, मग मला, मग बाईंना, अशी मी मनाची तयारी केली. पण एकतीस वर्षं सेवा झालेल्या माणसाला काय खटकेल याचा नेम नसतो. अधिकारीबाईंनी फाइल उघडली आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या,

"वर्ग आहे आणि शिक्षक नाही? ही फार गंभीर बाब आहे."

"पण मॅडम," आमच्या बाई म्हणाल्या, "ती खोलीच मुळात..."

"खोलीचं नंतर बघता येईल. वर्ग बिनशिक्षकाचा ठेवता येत नाही. एक दिवससुद्धा नाही. खोली क्रमांक पंधराचे प्रभारी कोण?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या दिवशी हजर होतो. म्हणजे हजर राहूनही सुटका नसते.

"मला ती खोली दिसतसुद्धा नाही!" मी ओरडलो.

"म्हणजे तुमचा काही पूर्वग्रह नाही," अधिकारीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

जाण्याआधी त्या एकट्याच वर जाऊन आल्या. पाच मिनिटं लागली. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. फाटकाशी आल्यावर आमच्या बाईंना हळूच म्हणाल्या, "आतली खिडकी उघडायला सांगा कोणाला तरी. कोंदट झालंय." आणि मग मागे न बघता गेल्या.

वेळापत्रकात माझ्या नावापुढे नवा तास आला: मंगळवार, चौथा, खोली १५. पहिल्या मंगळवारी मी खडू, डस्टर आणि कोरं हजेरीपुस्तक घेऊन त्या भिंतीसमोर उभा राहिलो. पस्तीस मिनिटं. प्रौढ माणसाने एका भिंतीकडे तोंड करून पस्तीस मिनिटं उभं राहून बघावं. पहिली पाच मिनिटं लाज वाटते. मग पाय दुखतात. मग भिंतही आपल्याकडे बघतेय असं वाटायला लागतं, आणि ते पाय दुखण्यापेक्षा वाईट असतं. चित्रकलेचे सर मुद्दाम तीनदा तिथून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "शिस्त चांगली आहे तुमच्या वर्गाला." मी हजेरीपुस्तकात 'निरंक' लिहिलं आणि उतरलो.

"कसा गेला तास?" बायकोने विचारलं.

"भिंतीसमोर उभा होतो."

"नुसते उभे? पगार कशाचा घेता मग?"

म्हणून दुसऱ्या मंगळवारी मी भूगोलाचं पुस्तक नेलं आणि 'नद्यांची कार्ये' हा धडा भिंतीला वाचून दाखवला. आवाज पुढे जायचा आणि तिथेच राहायचा. जसं कोरड्या मातीत पाणी जिरतं तसा. धडा संपेपर्यंत माझा घसा बसला होता आणि भिंतीतून गारवा येत होता, माठाजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. खाली बघितलं. माझ्या बुटांवर खडूची पांढरी भुकटी होती. मी त्या दिवशी खडू खिशातून काढलाच नव्हता.

तिसऱ्या मंगळवारी मुंगी वर्गातलं एक पुस्तक ग्रंथालयात ठेवायला चालली होती. माझ्याजवळ येऊन थांबली.

"सर."

"काय?"

"ती म्हणतात, वाचून नका दाखवू."

मला राग आला. भिंतीनेही माझ्या शिकवण्यात खोड काढावी? चोवीस वर्षांत एकाही वर्गाची अशी तक्रार आली नव्हती. "मग काय करू म्हणतात?"

"विचारा म्हणतात. आणि थांबा." मग तिने जरा वेळ घेऊन, वर्षभराच्या शिलकीतलं एक वाक्य खर्च केलं. "आमच्या वर्गात तुम्ही विचारता, सर, पण थांबत नाही. लगेच तुम्हीच सांगून टाकता."

ती गेली. मी तसाच उभा राहिलो. निरीक्षणात अंकुर लागलो तेव्हा मला राग आला होता. या वेळी राग आला नाही, कारण ते खरं होतं. वर्गात मी प्रश्न विचारतो, मनात दोन म्हणतो, आणि उत्तर सांगून मोकळा होतो. अभ्यासक्रम संपवायचा असतो. कोणाकडे वेळ आहे?

माझ्या आराखड्यात मीच एक नमुना-प्रश्न घातला होता. उत्तरसूचीत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी तो कधीच कोणाला विचारला नव्हता. पुस्तक मिटलं आणि भिंतीला विचारलं:

"सरळ जायला वाट असताना नदी वळणं का घेते?"

आणि थांबलो. मनात दोन म्हणालो. जीभ उत्तर द्यायला वळवळली. ती दातांखाली धरली. काढलेल्या दाढेच्या जागी ठणकलं. दहा म्हणालो. तीस म्हणालो. मग मोजायचं विसरून गेलो.

चोवीस वर्षं वर्गात काढल्यावर माणसाला दुसरं काही नाही तरी शांतता ओळखता येते. रिकाम्या खोलीची शांतता सपाट असते, तिच्यात पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज आरपार येतो. ऐकत नसलेल्या वर्गाची शांतता खोटी असते, तिच्या बुडाशी चुळबुळ असते. आणि एक तिसरी असते, वर्षातून दोन-तीनदा मिळते. सगळ्यांचे पाय हलायचे थांबतात. कोणीतरी पेन्सिल ओठांना लावलेली असते. श्वास ऐकू येत नाहीत, पण ते आहेत हे कळतं. विचार करणारा वर्ग असतो तो.

त्या भिंतीतून ती शांतता येत होती.

पळावंसं वाटलं, खरंच वाटलं, लपवण्यात अर्थ नाही. पण मी प्रश्न विचारला होता, आणि कोणीतरी, किती वर्षांनी कोण जाणे, त्याचं उत्तर शोधत होतं. प्रश्न विचारून वर्ग सोडून पळणारा शिक्षक मी अजून झालेलो नव्हतो.

तासाची घंटा झाली. व्हरांडा मुलांनी भरला. सातवीची मुलं तिथवर आली आणि कोणी न सांगता गप्प झाली. माझ्या मागून, हलक्या पावलांनी, भिंतीच्या त्या एकाहत्तर सेंटिमीटरला वाट सोडून निघून गेली. पाचव्या तासाला मला तळमजल्यावर आठवीवर जायचं होतं. मी गेलो नाही.

मग आतून बाक सरकल्याचा आवाज आला. एकच बाक. कोणीतरी उभं राहिलं होतं. मी दोन्ही हातांनी हजेरीपुस्तक छातीशी धरलं.

"सर," भिंतीतून एक बारीक आवाज आला. इतके दिवस न वापरल्यामुळे खरखरलेला. "चुकलं तर चालेल?"

मी म्हणालो,

"चालेल. सांग, बाळा. मी थांबलोय."